बाटलीची मॅच्युरिटी



मॅच्युरिटी हा शब्द मी बी.कॉम.ला शिकले. एफडीच्या पावतीवर मॅच्युरिटीची तारीख छापलेली असते. त्या दिवशी रक्कम हातात पडते आणि विषय संपतो. आमच्या घरात सध्या हाच शब्द एका बाटलीसाठी वापरला जातो, आणि तिथे तारीख कुठेच छापलेली नाही.

माझी नात 2011 सालची. ती तीन वर्षांची असताना मुलाच्या लंडनच्या मित्राने तिच्या जन्मसालाची व्हिंटेज पोर्ट वाइन भेट दिली. मूल जन्मले की त्या सालचे पोर्ट तळघरात ठेवायचे आणि ते मोठे झाले की उघडायचे, ही इंग्लंडमधली जुनी रीत. आमच्याकडे तळघर नाही, म्हणून त्या बाटलीसाठी छोटा फ्रीज आला. ती त्यात आडवी झोपलेली असते, म्हणजे बूच ओले राहते. रात्रंदिवस तो फ्रीज चालतो आणि लाइट बिल मी भरते.

मुलगा म्हणतो, “आई, ही दारू नाही गं. आणि प्यायची नाही, नातीच्या अठराव्या वाढदिवसाला नुसती चाखायची. ही कला आहे.”

आता या कलेचा हिशेब मांडते.

पोर्तुगालमधल्या दोरो नदीच्या खोऱ्यात ही वाइन होते. द्राक्षाचा रस आंबत असतानाच त्यात द्राक्षांपासून काढलेली कडक दारू ओततात. आंबणे थांबते, गोडवा राहतो आणि मद्यार्क वीस टक्क्यांच्या आसपास जातो. साध्या वाइनपेक्षाही हे प्रमाण बरेच जास्त. म्हणजे दारू नाही म्हणायचे, त्यात दारूच ओतलेली.

पुढे ती बाटलीत वर्षानुवर्षे मुरते. रसातला तुरटपणा हळूहळू एकत्र येऊन तळाशी गाळ बसतो, जांभळा रंग विटकरी होतो आणि ताज्या फळाचा वास जातो. त्या जागी काय येते? जुन्या उत्तम वाइनचे कौतुक करणारे शब्द मुलानेच मला वाचून दाखवले: चामडे, तंबाखू, ओली पालापाचोळ्याची माती, अळंबी. बायांनो, यातली एक तरी वस्तू आपण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देतो का? मी हसले, तर तो रागावला.

आपल्याकडे पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. रस चळला, वास बदलला की तो पदार्थ अभक्ष्य. सगळ्याजणी हे काटेकोर पाळतो असे मी म्हणणार नाही. माझ्याही फडताळात वर्षाचे लोणचे आहे. पण निदान ती चूक आहे हे आपल्याला ठाऊक असते. इथे रस जितका चळेल तितकी किंमत वाढते आणि त्याला ‘पीक’ म्हणतात. नियम मोडणे वेगळे आणि मोडण्यालाच संस्कृती म्हणणे वेगळे.

गाळाचेही तसेच. जुने पोर्ट ओतताना ते मलमलीतून गाळतात. आपणही पाणी गाळतो, पण जीव वाचावेत म्हणून, आणि जिवाणी परत विहिरीत सोडतो. तिकडे कापड दातात कचकच येऊ नये म्हणून. बोर्डोच्या लाल वाइनमध्ये तर तुरटपणा कमी करायला 225 लिटरच्या पिंपात चार-सहा अंड्यांचा पांढरा बलक घालायची जुनी पद्धत आहे. चाखणाऱ्याच्या जिभेला ते कळतही नाही.

जिभेवरून आठवले. अमेरिकेत रूडी कुर्नियावान नावाच्या माणसाने घरी वाइन मिसळून, जुनी लेबले लावून ती दुर्मीळ म्हणून विकली. मोठमोठ्या जाणकारांनी त्या बाटल्या लाखो डॉलरना घेतल्या. 2013 मध्ये तो दोषी ठरला, 2014 मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. कलेचा पाया इतका पक्का!

आणि ते ‘पीक’ तरी कधी येते? चांगल्या सालचे व्हिंटेज पोर्ट वीस-तीस वर्षे, कधी त्याहून जास्त मुरू देतात. म्हणजे नात अठरा वर्षांची होईल तेव्हा बाटली कच्चीच असणार. शिवाय महाराष्ट्रात अठराव्या वर्षी पिणे कायद्यातही बसत नाही. हे सांगितल्यावर मुलगा गप्प झाला. धर्माने झाला नाही, कायद्याने झाला, याचे मला वाईट वाटले.

कारण माझा खरा मुद्दा कायद्याचा नाही. अष्टमूलगुणात मद्यत्याग आहे. आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात त्याची कारणे सांगितली आहेत: मद्य मनाला मोह पाडते, मोहित माणूस धर्म विसरतो आणि मग बेधडक हिंसा करतो, आणि मद्य हे असंख्य जीवांचे जन्मस्थान आहे. यात कुठेही ‘बाटली स्वस्त असेल तर’ असे लिहिलेले नाही. चाखून थुंकले तरी जिभेने जे मागायचे ते मागितलेच. रसपरित्याग हे तप जिभेसाठीच सांगितले आहे.

मुलगा चाळिशी ओलांडलेला आहे. तो बाहेर काय करतो यावर मी पहारा ठेवू शकत नाही. पण नातीने मागच्या दशलक्षणात पहिला उपवास केला. पारण्याला मीच तिला पाणी दिले. त्याच मुलीच्या मोठे होण्याची खूण म्हणून पेला पुढे करायचा? तिची मॅच्युरिटी आम्ही बाटलीवरून मोजायची?

मी सांगून टाकले आहे, माझ्या घरात ती उघडणार नाही. फ्रीजचा प्लग मी काढणार नाही, चोरून केलेले काम मला आवडत नाही. मुलानेच ती बाटली मित्राला परत द्यावी. महिना झाला, उत्तर नाही. फ्रीज चालू आहे.

तुमच्याकडे अशी बाटली नसेलही. पण “नुसते चाखायला काय हरकत आहे” हे वाक्य एखाद्या साखरपुड्यात तुमच्यापर्यंत येईलच. तेव्हा पेले काढून द्यायला आपण उठू नये, एवढेच सांगायचे होते.

जय जिनेंद्र.