सत्तेचाळिसाव्या वर्षी पाहण्याची शाळा



या खेपेच्या पत्रांत एक पत्र असं निघालं, की ते मी दोनदा वाचलं आणि बाकीचा गठ्ठा बाजूला सारला. सांगलीकडच्या एका वाचक भगिनीचं आहे. वय सत्तेचाळीस. लग्नाआधी ए.टी.डी.चं एक वर्ष झालेलं, दुसरं राहिलं ते राहिलंच. गेली चौदा वर्षं त्या घरीच एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेतात. त्या पैशांतून स्वतःच्या नावावर एक ठेव केली आहे. आता त्यांना ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग शहरात उन्हाळ्यात भरणाऱ्या चित्रकलेच्या वर्गाला जायचं आहे. यजमान म्हणाले, "तुझं तू बघ." जाऊबाई हसल्या. आणि सासूबाईंनी विचारलं, "तिथे जाऊन ते असं काय वेगळं शिकवणार आहेत?" पत्राच्या शेवटी बाई मला विचारतात, "हे माझं वेड तर नाही ना?"

खरं सांगू, या सगळ्यांत सासूबाईंचा प्रश्नच मला शहाणपणाचा वाटला. तेव्हा आधी त्याचंच उत्तर.

साल्झबर्ग म्हटलं की मोझार्टचं नाव निघतं. १७५६ साली तो त्याच गावात जन्मला. पण गावाच्या डोक्यावर होहेनसाल्झबर्ग नावाचा एक भलाथोरला किल्ला आहे. १०७७ साली तो बांधायला घेतला. या किल्ल्यात १९५३ च्या उन्हाळ्यात ओस्कार कोकोश्का या चित्रकाराने एक वर्ग सुरू केला. नाव ठेवलं 'पाहण्याची शाळा'. चित्रं काढण्याची शाळा नव्हे बरं का, पाहण्याची!

कोकोश्का तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते. आयुष्यात फार धक्के खाल्लेला माणूस. नाझींनी त्यांची चित्रं विकृत ठरवून जर्मनीतल्या संग्रहालयांतून चारशेहून अधिक कामं काढून नेली. ते स्वतः आधी प्रागला आणि मग १९३८ साली लंडनला पळाले. शाळा सुरू झाली तेव्हा ऑस्ट्रियात अजून दोस्त राष्ट्रांच्या फौजा होत्या. अशा दिवसांत या माणसाला वाटलं, की लोकांना पुन्हा आपल्या डोळ्यांनी पाहायला शिकवलं पाहिजे. त्यासाठी कोणती परीक्षा पास झालेली असायला हवी, अशी अट त्यांनी घातली नाही. मुरलेला चित्रकार आणि पहिल्यांदा कुंचला धरणारा एकाच खोलीत बसत.

आणि ए.टी.डी. अर्धवट राहिल्याची बोच ज्यांना आहे त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. तरुणपणी हे कोकोश्का व्हिएन्नातल्या मुलींच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. शिक्षकाची रीतसर पात्रता नाही, म्हणून सरकारी खात्याने त्यांना तिथे टिकू दिलं नाही.

आता शिकवायचे कसे ते पाहा. इंटरमीजिएटला आपण काय शिकलो? हात लांब करायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीवर अंगठा सरकवत माप घ्यायचं. मग बाह्यरेषा. खोडरबर. पुन्हा बाह्यरेषा. ती बरोबर जमली की आत रंग भरायचा, तोही रेषेबाहेर न जाऊ देता. कोकोश्कांच्या वर्गात याच्या बरोब्बर उलटं. जलरंग घ्यायचे आणि थेट रंगानेच सुरुवात करायची. समोर बसलेली व्यक्ती पुतळ्यासारखी तासभर बसायची नाही. ती हलायची, चालायची, थोड्या थोड्या वेळाने बैठक बदलायची. खोडायला वेळ नाही, मापाला वेळ नाही. जे डोळ्यांत शिरलं तेवढंच कागदावर. चित्र पुरं झालं की नाही याला महत्त्व नव्हतं, तुम्ही पाहिलं की नाही याला होतं.

चौदा वर्षं मुलांना 'रेषेच्या आत, रेषेच्या आत' असं सांगितलेल्या बाईला हे किती जड जाईल, आणि किती मोकळं वाटेल, याची मला कल्पना आहे. सासूबाईंना सांगा, वेगळं शिकवतात ते हे.

कोकोश्का १९६३ पर्यंत तिथे शिकवत होते; १९८० साली ते वारले. शाळा मात्र चालू राहिली, वाढली. आज तिथे दर उन्हाळ्यात निरनिराळ्या देशांतले कलावंत येऊन शिकवतात. एक-दोन आठवड्यांचे, काही त्याहून लांबचेही वर्ग असतात. भाषा इंग्रजी किंवा जर्मन. चित्रकलेबरोबर छायाचित्रण, मुद्राचित्रण असे विषयही असतात. शिल्पकलेचा वर्ग तर गावाजवळच्या उंटर्सबर्ग डोंगरातल्या संगमरवराच्या खाणीतच भरत आला आहे. मात्र वर्ग निवडताना जपून. वर्गाचं नाव पाहून अर्ज करू नका, शिकवणारा कोण आहे आणि त्याचं स्वतःचं काम कसं आहे ते आधी पाहा. आजच्या कलेत रंगाला हातही न लावता नुसती चर्चा चालणारे वर्ग असतात. त्यांना मी नावं ठेवत नाही, पण तुमची ठेव त्यासाठी मोडायची का, हे तुम्ही ठरवायचं.

एक गोष्ट पत्रात लिहिलेली नाही, पण ओळींच्या मधे दिसते म्हणून मीच काढते. मानवी आकृतीचा अभ्यास असेल तर समोर मॉडेल विवस्त्र असू शकतं. घरी हे सांगायचं कसं, ही काळजी. अहो, हे काही परदेशातलं खूळ नाही. आपल्या मुंबईच्या जे.जे.तही असा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आपल्या बाजूने एवढंच, की मॉडेल म्हणून बसणं हे कष्टाचं काम आहे, त्यांना मान द्यायचा, आणि वर्गात फोन काढायचा नाही. पहिली पाच मिनिटं अवघडल्यासारखं होतं. त्यानंतर खांदा कुठे संपतो आणि मान कुठे सुरू होते, याच विवंचनेत माणूस बुडून जातं.

आणि हो, हा संकोच आपल्याच माथी आहे असं समजू नका. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेने बायकांना आत घेतलं १८९७ साली, व्हिएन्नाच्या अकादमीने तर १९२० साली. त्याआधी ज्यांना शिकायचं होतं त्या खाजगी शाळांत जात. पॅरिसच्या नावाजलेल्या अकादमी जुलियाँमध्ये बायकांना पुरुषांपेक्षा जास्त फी पडे! आपली अमृता शेरगिल १९२९ साली सोळाव्या वर्षी पॅरिसला शिकायला गेली, तेव्हा आई-वडील बिऱ्हाड घेऊन तिच्याबरोबर गेले होते. मागे असं अख्खं घर उभं राहणं प्रत्येकीच्या नशिबी कुठलं?

म्हणजे गाडी घरावर आली. "एवढे दिवस घर कोण बघणार?" आता मला सांगा, मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी आपल्यातल्या कितीजणी सहा-सहा महिने अमेरिकेला जाऊन येतात. तेव्हा हा प्रश्न कुणी विचारतं का? डब्याची बाई ठरते, यजमान कुकर लावायला शिकतात, शेजारची ताई डोकावून जाते. घर तेव्हा चालतं, मग तीन आठवडे का चालू नये? हे मी भांडायला सांगत नाही. पण "मी जाऊ का?" असं विचारण्याऐवजी "मी अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत नसेन, औषधांचा तक्ता भिंतीवर लावला आहे," असं सांगून पाहा. यजमानांचं 'तुझं तू बघ' हे मी तरी परवानगी धरेन. अहो, त्यात नाही कुठे म्हटलंय?

मात्र सहा आठवड्यांचा बेत करू नका. सासूबाईंची शुगर, तुमचे वर्ग आणि ठेवीची रक्कम, तिन्हींचा विचार करता एकच वर्ग घ्या, त्याच्या अलीकडे-पलीकडे तीन-चार दिवस ठेवा. शाळेच्या शिष्यवृत्त्या असतात, अर्ज जरूर करा, पण मिळेल हे धरून चालू नका. आणि प्रशस्तिपत्रकामुळे तुमच्या वर्गाची फी वाढेल या आशेने जाणार असाल, तर माझं ऐका, जाऊ नका. ते पैसे तसे वसूल व्हायचे नाहीत.

आता कामाच्या गोष्टी. ऑस्ट्रियासाठी शेंगेन व्हिसा लागतो. विमान म्युनिकला उतरणार असलं तरी मुख्य मुक्काम साल्झबर्गला असल्याने अर्ज ऑस्ट्रियाकडेच करायचा; इथे बऱ्याच जणी चुकतात. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. निकालाला साधारण पंधरा दिवस लागतात, कधी पंचेचाळीसही. उन्हाळ्यात गर्दी उसळते, म्हणून वर्गाचा प्रवेश पक्का झाला की थांबू नका. निदान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने हवी. बँकेचे कागद शक्यतो स्वतःच्या खात्याचे द्या.

राहण्याची सोय पहिल्यांदा पक्की करा. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे मोठा संगीत-नाट्य महोत्सव असतो, १९२० पासूनचा, आणि खोल्यांचे भाव आकाशाला भिडतात. विद्यार्थ्यांची वसतिगृहं सुट्टीत पाहुण्यांना देतात, तिथे चौकशी करावी. स्वयंपाकघर वापरायला मिळत असेल तर उत्तमच. किल्ल्यावर जायला १८९२ पासून रुळांवरची गाडी आहे, पण चढाची सवय असलेली बरी. आतापासून रोज अर्धा तास चाला. चपला नकोत, मऊ तळव्याचे बूट हवेत. साडीची हौस असेल तर एक नेसायला न्या. रंगकाम मात्र सलवार-कमीज आणि जुन्या ॲप्रनवर. तिथला पाऊस आपल्या श्रावणासारखा उघडीप देणारा नसतो, दोऱ्या सोडल्यासारखा संथ पडत राहतो. त्याला तिथे 'दोरीचा पाऊस' असंच नाव आहे. तेव्हा छत्री आणि एक जाड स्वेटर, ऑगस्ट असला तरी.

शाकाहारी असलात तर उपाशी राहायचा नाहीत. काझनोकेन म्हणून चीज आणि तळलेला कांदा घातलेला एक पदार्थ साल्झबर्गला घरोघर होतो. अंडं चालत नसेल तर मात्र आधी विचारा. गुरुवारी सकाळी भाजीचा मोठा बाजार भरतो. नळाचं पाणी डोंगरातून येतं, बेलाशक प्या. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारीच सामान भरा. घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं. तिथला वर्ग दुपारी सुटेस्तोवर इथे दिवेलागण होऊन गेलेली असेल, फोनची वेळ त्या बेताने ठरवून जा.

बरोबर थालीपिठाची भाजणी, मेतकूट, लिंबाचं लोणचं घ्या. पण तूप, पेढे, खवा, बर्फी नको. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरच्या देशांतून युरोपात न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून ठेवतात. टर्पेंटाईनची बाटलीही विमानात चालत नाही. तैलरंगाचा वर्ग असेल तर ते तिथेच विकत घ्या. जलरंगाची डबी आणि आपले रोजचे कुंचले मात्र इथूनच न्या, तिथे सगळं महाग पडतं. कटर मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या पिशवीत नको. आणि येताना चित्रं घडी न घालता गुंडाळून आणण्यासाठी पुठ्ठ्याची एक जाड नळी जातानाच बरोबर असू द्या. जाताना तिच्यात कोरे कागद भरून नेता येतात.