पाचटाच्या कोळशाला भाव आला. तोडणाऱ्याचा वाटा किती?

ऊस तुटून गेला की वेळापूरच्या शिवारात धूर दिसू लागतो. खोडव्याला लवकर पाणी सोडता यावे, मशागतीला रान मोकळे व्हावे म्हणून फडातले पाचट पेटवून दिले जाते. हेक्टरी आठ-दहा टन पाचट एका रात्रीत राख होते. नीरा उजव्या कालव्याने माळशिरस तालुका उसाचा केला, तेव्हापासूनची ही सवय. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र वर्षानुवर्षे सांगत आले आहे की पाचट जाळू नका, सरीत दाबा, कुजवा. काही शेतकरी ऐकतात, बरेच ऐकत नाहीत.

आता या पाचटाला नवे गिऱ्हाईक मिळाले आहे. हवा तोडून, बंद भट्टीत पाचट तापवले की त्याची राख होत नाही, कोळसा होतो. हा कोळसा चुलीत न घालता मातीत मिसळला की त्याला बायोचार म्हणतात. पिकाने हवेतून घेतलेला कार्बन अशा कोळशात शेकडो वर्षे टिकतो. तेवढा कार्बन वायू हवेतून कमी झाला असे मानून त्याचे ‘क्रेडिट’ विकले जाते. जानेवारी 2025 मध्ये गुगलने वराह या भारतीय कंपनीकडून 2030 पर्यंत एक लाख टनांची अशी क्रेडिट्स घेण्याचा करार जाहीर केला. नंतर मायक्रोसॉफ्टनेही याच कंपनीशी महाराष्ट्रातील कापसाच्या पऱ्हाट्यांपासून होणाऱ्या बायोचारसाठी करार केला. आज पऱ्हाटी आहे, उद्या पाचटाची पाळी येणार.

तंत्र आपल्याला परके नाही. शेजारच्या फलटण भागात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने पाचटापासून कांडी कोळसा करण्याची भट्टी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच बसवली होती. त्या कामाला 2002 साली लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. तो कोळसा चुलीसाठी होता. जाळला की कार्बन पुन्हा हवेत. आज जगातल्या कंपन्या पैसे देतात ते तो न जाळण्याचे.

ढोबळ हिशेब करून पाहू. एकरी तीन-चार टन पाचट धरले तर पाऊण ते एक टन कोळसा निघतो. त्यातून सुमारे दोन टन क्रेडिट होते. बायोचारच्या क्रेडिटला जागतिक बाजारात टनाला शंभर डॉलरच्या वर भाव मिळतो. म्हणजे एकरामागे पंधरा-सतरा हजार रुपयांची उलाढाल. यातून भट्टी, वाहतूक, तपासणी, नोंदणी आणि कंपनीचा नफा वजा होईल. जे उरेल ते कोणाचे, हा आमचा प्रश्न आहे.

कंपनी करार करते तो सातबारा असणाऱ्याशी. 2010-11 च्या कृषी गणनेत देशातल्या एकूण वहिवाटीच्या क्षेत्रापैकी अनुसूचित जातींकडे सुमारे साडेआठ टक्के क्षेत्र होते. लोकसंख्येतला आपला वाटा साडेसोळा टक्क्यांच्या वर. भूमिहीनांसाठी दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964-65 साली सत्याग्रह केले. त्यांच्याच नावाची सबळीकरण योजना 2004 पासून आहे, भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देणारी. पण विकायला काढलेली जमीनच मिळत नाही म्हणून प्रकरणे पडून राहतात, हे योजनेच्या मागे लागलेल्या कुठल्याही कार्यकर्त्याला विचारा. तेव्हा कार्बनचा पैसा निव्वळ सातबाऱ्यावर वाटला, तर जुनीच विषमता नव्या नावाने चालू राहील.

पण फडातल्या अवशेषावर जमीन नसणाऱ्याचा हक्क ही काही नवी कल्पना नाही. ऊसतोड टोळी उसाचा हिरवा शेंडा, म्हणजे वाढे, बांधून वैरणीसाठी विकते. ते पैसे टोळीचे. थोडे वाढे मळेवाल्याला जाते, बाकी कोयत्याचे, हा रिवाज सगळा ऊसपट्टा पाळतो. कुठल्या कायद्याने दिलेला नाही, तरी कोणी नाकारत नाही. वाढ्यावर हक्क आहे तर पाचटावर का नाही? उसाचे पान सोलून खाली टाकतो तोही तोच हात. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी साखर कारखान्यांकडून टनाला 10 रुपये घेण्याचे सरकारने मान्य केलेच आहे. कार्बनच्या क्रेडिटवर तसाच टनामागे ठरलेला वाटा तोडणाऱ्याला आणि भट्टीवरच्या मजुराला मिळावा, ही मागणी करार होण्याआधी करायची आहे. नंतर ती दान म्हणून मागावी लागेल.

भट्टीवरच्या कामाबद्दलही स्पष्ट बोलू. धूर, कोळशाची बारीक भुकटी, पाणी मारताना उठणारी वाफ. असली कामे कोणाच्या वाट्याला येतात हे सांगायची गरज नाही. मास्क, हातमोजे, ठरलेली मजुरी आणि विमा करारात लिहिलेला नसेल तर आपल्या मुलांनी भट्टीला हात लावू नये. उलट भट्टीच्या कामात एक जागा अशीही आहे जिथे आपले शिकलेले तरुण बसू शकतात. प्रत्येक भट्टीचा फोटो, ठिकाण, वजन, कोळसा कुठल्या रानात गेला याची नोंद मोबाइलवर ठेवल्याशिवाय क्रेडिट मंजूर होत नाही. ही नोंद ठेवणारा कंपनीने बाहेरून आणलेला असेल की वस्तीतला, हेही ठरवून घ्यावे.

मातीसाठी हा कोळसा रामबाण असल्याचा प्रचार होईल. सावध राहावे. बायोचारचा चांगला गुण दिसला तो मुख्यतः उष्ण प्रदेशातल्या आम्लधर्मी मातीत. कोकणच्या जांभ्या जमिनीला तो मानवू शकतो. आपली काळी जमीन आधीच विम्लधर्मी, सामू आठच्या आसपास, आणि कालव्याच्या जादा पाण्याने काही रान चोपण झालेले. बायोचार स्वतःही बहुधा विम्लधर्मीच असतो. चोपण रानात तो ओतून फायदा होईलच असे नाही. माती परीक्षण न करता कोणी एकरी टनाने टाकायला सांगत असेल तर त्याला क्रेडिटची घाई आहे, मातीची नाही. आणि जो शेतकरी पाचट जागेवर कुजवतो, त्याने तेच करत राहावे; ओलावा टिकतो, सेंद्रिय कर्ब वाढतो, खर्च नाही. भट्टी हवी ती जिथे काडी लागणारच आहे तिथल्या पाचटासाठी.

बाबासाहेबांनी 1918 च्या आपल्या लेखात लहान शेतीचा प्रश्न नुसत्या एकरांनी मोजू नका, तिला जोडलेले श्रम आणि भांडवल बघा, असे मांडले होते. दोन एकरवाल्याचे सहा-सात टन पाचट घ्यायला कंपनी येणार नाही. सबळीकरणाची, वतनाची, वाटणीची अशी दहा-वीस तुकड्यांची जमीन असणाऱ्या कुटुंबांनी गट करून एक भट्टी मागितली तर बोलणी होऊ शकतात.

माळशिरस विधानसभा मतदारसंघ 2009 पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. पुढचा गळीत हंगाम सुरू होण्याआधी तिथल्या आमदारांना, कारखान्यांच्या संचालकांना आणि ग्रामसभेला लेखी निवेदन जायला हवे. कोणत्याही कार्बन कराराचा मसुदा मराठीत मिळावा, तो ग्रामसभेत वाचला जावा, आणि तोडणीची टोळी गावात असताना वाचला जावा. टोळ्या दिवाळीच्या सुमारास येतात.