तपकिरी भिंत

"बाबा, यंदा बाहेरच्या खोलीला तपकिरी रंग द्यायचा," असे आमच्या कन्येने गेल्या दिवाळीआधी जाहीर केले, तेव्हा माझा चहा बशीत सांडला. लग्नापासून आमच्या भिंती पांढऱ्या. लहान घरात पांढराच रंग हवा, उजेड खेळतो, खोली मोठी दिसते, असा माझा सिद्धान्त.

मी मास्तरकी सुरू केली. "तपकिरी म्हणजे तपकिरीसारखा. विटेवरून विटकरी, बदामावरून बदामी, मातीवरून मातकट. खाकीतला 'खाक' फारसीत धूळ! या रंगाला मराठीत स्वतःचे घर नाही. दुसऱ्याच्या घरी बिऱ्हाड करून राहणारा रंग हा!"

"मग आपल्याकडे राहू दे की," सौभाग्यवती म्हणाल्या.

रंगारी आला. कार्डावर पाहून गडद रंग घेऊ नये, म्हणाला. त्याने भिंतीवरच हातभर रंग लावून दाखवला. सकाळी पाहा, दुपारी पाहा, दिव्याखाली पाहा. खरेच, पिवळ्या दिव्यात जो रंग ऊबदार वाटला तोच पांढऱ्या ट्यूबखाली मलूल दिसला. अखेर तडजोड झाली: छत पांढरे, दारे पांढरी आणि चारांपैकी एकच भिंत तपकिरी, रंग धुता येणारा.

कन्येने भिंत निवडली ती आजीच्या पलंगापासून न्हाणीघराच्या दारापर्यंतची.

"अगं, पाहुण्यांना समोरची दिसते. ही कशाला?"

ती जरा थांबून म्हणाली, "आजी आताशा भिंतीला धरून चालत नाही. तुमच्या लक्षात आलं का?"

नव्हते आले. पण आदल्या वर्षी मीच म्हटले होते, "आई, भिंतीला हात लावू नकोस, डाग पडतात." तेव्हापासून ती हात सोडून चालत होती. दोनदा तिचा तोल गेला होता. मला कोणी सांगितले नव्हते, कारण तिनेच सांगू दिले नव्हते.

मी काही बोलेना, तेव्हा आईच म्हणाली, "अरे, आपल्या गावच्या घराला खाली कमरेइतका गेरूचा पट्टा असायचा. सारवताना शिंतोडे उडायचे, तुम्ही पोरं चिखलाचे हात पुसायचात. काही दिसायचं नाही. पांढरा रंग वर, हात पोचत नाही तिथं."

गेरू म्हणजे लोहाची माती. पिवडीही त्याच कुळातली. भाजली की तांबडी होते. आजच्या डब्यातल्या तपकिरी रंगातही पुष्कळदा लोहाच्या गंजाच्या जातीचीच भुकटी असते. म्हणजे जी भिंत मी पोरवयात चिखलाने माखत होतो, तीच आता शहरातल्या घरात डब्यातून परत आली.

पहिला हात बसला तेव्हा भिंत ढगाळ दिसली आणि माझा सिद्धान्त पुन्हा उसळी मारू लागला. दुसऱ्या हाताने ती एकसारखी झाली. खोली किंचित लहान दिसते, हे मी अजून सोडत नाही. पण गडद भिंतीत पांढरे दार उठून दिसते, आणि आईच्या अधू डोळ्यांना ते रात्रीही सापडते.

नरकचतुर्दशीच्या पहाटे तिला अभ्यंगस्नानासाठी उठवले. तेलाचा हात भिंतीवर टेकत ती सावकाश दारापर्यंत गेली. डाग पडला असेलही. मी पाहिले नाही.