उसाच्या फडात दाद कुणाकडे मागायची?

हरेगावची मतमाउलीची यात्रा सप्टेंबरात आटोपते आणि पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. पाथर्डी-शेवगावकडची आणि शेजारच्या बीडची कुटुंबे बिऱ्हाड बांधून निघतात. कुणी प्रवराकाठच्या फडांत उतरतात, कुणी सातारा-कोल्हापूर गाठतात. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० साली प्रवरानगरचा सहकारी कारखाना ज्या भूमीत उभा राहिला, तिचा अभिमान आम्हांलाही आहे. म्हणूनच आम्ही विचारतो : ज्यांच्या कोयत्यावर हा सहकार चालतो, त्यांनी दाद कुणाकडे मागायची?

नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ऊस तोडून ती फेडायची. आजारपणात दिवस बुडाला तर 'खाडा' म्हणून रक्कम कापली जाते. हंगाम संपला तरी काहींची उचल फिटत नाही, कारण हिशेबाची वही मुकादमाच्या हाती असते. कारखान्यात विचारावे तर उत्तर मिळते, 'हे आमचे कामगार नव्हेत, मुकादमाला विचारा.' मुकादम म्हणतो, 'कारखान्याने दिले की देतो.' पोलिसांच्या लेखी हा पैशांचा दिवाणी व्यवहार. कामगार कार्यालय जिल्ह्याच्या गावी. तेथे जावे तर आणखी एक खाडा!

'लवाद आहे ना,' असे आम्हांला सांगण्यात येते. आहे, आणि त्याचे मोल आम्ही नाकारीत नाही. शरद पवार व गोपीनाथ मुंडे यांनी, आणि मुंडे यांच्या २०१४ मधील निधनानंतर पवार व पंकजा मुंडे यांनी, मजुरीच्या दरवाढीचे करार घडवून आणले. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ ठरली. परंतु लवाद दर ठरवितो. तो दर फडातल्या बाईच्या पदरात पडला की नाही, हे पाहावयास कुणी येत नाही. शिवाय लवादात बसणारे पुढारी राजकारणातील व साखर कारखानदारीशी निकटचा संबंध असलेले. त्यांच्या हेतूंविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. पण तडजोड घडविणे वेगळे आणि तक्रारीची निःपक्षपाती चौकशी करणे वेगळे.

कायद्यात समेट अधिकारी १९४७ पासून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तो राहिला आहे. पण समेटाला दोन पक्ष लागतात, आणि येथे मालक कोण हेच कुणी कबूल करीत नाही. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा परराज्यात जाणाऱ्यांपुरता होता. पाथर्डीहून कोल्हापूरला जाणारा त्यात बसला नाही.

ऐकणारा कान नसला म्हणजे काय होते, ते २०१९ मध्ये दिसले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आले की, बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढली गेली होती. एवढे दुःख साचेपर्यंत ते विचारण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती!

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक कारखान्याच्या क्षेत्रात हंगामापुरता एक स्वतंत्र तक्रार चौकशी अधिकारी नेमावा. शक्यतो स्त्री असावी. कारखाना, मुकादम वा राजकीय पक्ष यांच्याशी त्या व्यक्तीचा संबंध नसावा. तिने कोपीवर यावे, वही तपासावी, दोन्ही बाजू ऐकाव्यात, बिऱ्हाड हलण्यापूर्वी लेखी निष्कर्ष द्यावा. समेट न झाल्यास प्रकरण न्यायालयाकडे न्यावे. ही कल्पना अजब नाही. रोजगार हमीच्या मजुरांसाठी २००९ मध्ये केंद्राने जिल्ह्याजिल्ह्यांत लोकपाल नेमण्यास सांगितले होते व राजकीय पक्षाचा सदस्य त्या पदास अपात्र ठरविला होता. रस्त्यावर खडी फोडणाऱ्यास जे मान्य झाले, ते ऊस तोडणाऱ्यास का नको?

खर्चाचे निमित्त पुढे करू नये. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून रक्कम घेण्याचे ठरलेच आहे. तीतून हे वेतन द्यावे. मुकादमांनीही धास्तावू नये. दोघा-तिघांकडून उचल घेऊन पसार होणारे मजूरही असतात, आणि त्यांच्यापायी कर्जात बुडालेले मुकादमही. प्रामाणिक मुकादमालाही या अधिकाऱ्याकडे दाद मागता येईल.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात मालक वा कामगार यांपैकी कुणासही आपल्यावर अन्याय झाला असे वाटल्यास विश्वासार्ह व्यक्तींच्या समितीने तो तंटा मिटवावा, असे सुचविले होते. कापणी करणाऱ्यांची अडविलेली मजुरी देवाकडे आक्रोश करते, हे तर संत याकोबाने त्याही आधी बजावले आहे. सव्वाशेहून अधिक वर्षे हे आपण वाचीत आलो, वाचून दाखवीत आलो.

तेव्हा बोट केवळ कारखान्याकडे दाखवून चालणार नाही. आपल्या धर्मग्रामांत ऊस लावणारे आहेत, मुकादम आहेत, कोयता उचलणारेही आहेत. रविवारी ते एकाच वेदीपुढे गुडघे टेकतात. आपल्या शाळांत, वसतिगृहांत, दवाखान्यांत स्वयंपाकी व सफाई कामगार आहेत. त्यांची तक्रार आली तर चौकशी कोण करतो? ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच, किंवा त्याच्याच हाताखालचा! शासनाकडे स्वतंत्र अधिकारी मागण्यापूर्वी बाहेरच्या निःपक्षपाती व्यक्तीपुढे आपले दप्तर उघडण्याची तयारी आपण दाखविली पाहिजे. ती तयारी नसेल, तर आपल्या मागणीला फडातली बाई हसेल, आणि तिचे हसणे योग्यच असेल.