शेतकऱ्याच्या नावाने

२७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास मान्यता दिली आणि एकच गदारोळ उठला. वाइन ही दारूच नव्हे, असे कोणी सांगितले. राज्य बुडाले, अशी हाकाटी कोणी केली. समर्थन झाले ते शेतकऱ्याच्या नावाने. पुढे सरकार बदलले, निर्णय अमलात आलाच नाही. शेतकरी होता तेथेच राहिला.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगू. वाइन ही दारूच आहे. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे आपण आपल्याच गावांत पाहिली आहेत. वेदीवरील द्राक्षारसाचा वा नाताळातील घरगुती वाइनचा दाखला देऊन हे सत्य झाकता येणार नाही. विक्रीवर निर्बंध हवेतच. परंतु निर्बंध वेगळे आणि लहान माणसाची वाट अडवणारी कागदांची भिंत वेगळी.

२००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणाने उत्पादन शुल्कात सवलत दिली. विंचूर व पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. बागायतदारांनी कर्जे काढली. २००८ नंतरच्या मंदीत मागणी घटली, तेव्हा अनेक लहान वायनऱ्या बंद पडल्या आणि बागांवर कुऱ्हाड चालली. टिकले ते भांडवलवाले. यात नवल ते काय? मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय. त्यामुळे राज्य बदलले की कर निराळा, परवाना निराळा, लेबलाची नोंदणीही निराळी. लाखो लिटर विकणाऱ्याच्या हे शुल्क खिजगणतीतही नसते. काही हजार लिटर करणाऱ्याचा मात्र त्यात नफाच वाहून जातो. हजार चौरस फुटांच्या दुकानातील फळीवर या माणसाची बाटली कधी पोहोचली असती?

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यापुढे हाच पेच होता. मोठ्या कंपन्यांनी द्राक्षखरेदी कमी केली, तेव्हा १९७६ साली तेथे शेत-वायनरीचा कायदा झाला. द्राक्षे राज्यातलीच हवीत, उत्पादन वर्षाला ५०,००० गॅलनच्या आत हवे. मग परवाना अल्प शुल्कात मिळे आणि ग्राहकाला थेट विकण्याची मुभाही असे. आज तेथे चारशेंहून अधिक वायनऱ्या आहेत.

आमची मागणी सवलतीची नाही, मापाची आहे. शुल्क उत्पादनाच्या प्रमाणात असावे, स्वतःच्या बागेतील द्राक्षांपुरता स्वतंत्र परवाना असावा आणि वयाची अट सर्वांना सारख्याच कठोरपणे लागू व्हावी. एवढेही करावयाचे नसेल, तर निदान शेतकऱ्याचे नाव तरी घेऊ नये.