तात्पर्य गेलं उडत!

'हल्लीची मुलं ना, वाचतच नाहीत!' हा आपल्या पिढीचा लाडका डायलॉग. गंमत म्हणजे हे म्हणताना आपला स्वतःचा अंगठा मोबाइलवर रील्स सरकवत असतो. प्रत्येकाच्या घरात एखादा भाचा, एखादी पुतणी असतेच. वाढदिवसाला आपण हौसेनं एक जाडजूड पुस्तक देतो, फोटो काढतो, स्टेटस टाकतो. पुस्तक जातं कपाटात. विषय संपला!

माझा अकरा वर्षांचा भाचा याच कॅटेगरीतला. पुण्यात राहतो, इंग्लिश मीडियमला जातो. मराठी पुस्तक पुढे केलं की त्याला हमखास तहान लागते, नाहीतर पोटात दुखतं. 'आळशी आहे नुसता' हे सर्टिफिकेट घरात कधीच मिळालंय. मध्यंतरी एका रविवारी मी त्याला म्हटलं, अर्धंच पान मोठ्यानं वाच. ऐकताना लक्षात आलं, साध्या शब्दांवरून गाडी झकास पळते आणि जोडाक्षर आलं की खड्ड्यात आपटते. 'वैशिष्ट्य' वगैरे सोडा, तो 'पुन्हा' आणि 'उद्या'वरही अडत होता. ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरलेली. मग गोष्टीत मजा येणार कुठून? हळूच म्हणाला, "मावशी, बाकीच्यांना येतं. मलाच नाही येत."

अकराव्या वर्षी स्वतःबद्दल हे मत झालं असेल, तर तो आळस नाही, बॉस. ती लाज आहे. आणि लाज वाटणाऱ्या मुलाला लेक्चर दिलं, तर ते पुस्तकापासून आणखी लांब पळतं.

बरं, हाच मुलगा गोष्ट ऐकताना शंभर प्रश्न विचारतो. म्हणजे डोकं सुसाट आहे, फक्त अक्षरं मागे पडतायत. तेव्हा आम्ही सुरुवात केली 'चिंटू'पासून. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या जोडीनं १९९१ मध्ये सुरू केलेली ही चित्रमालिका. मोजक्या चौकटी, छोटी वाक्यं. मी शेवटची चौकट हातानं झाकायची आणि विचारायचं, "आता काय होईल?" जोक कळायला जे लिहिलेलं नाही ते ओळखावं लागतं. चेहरा बघायचा, आधीचं वाक्य आठवायचं, अंदाज बांधायचा. विचार करणं म्हणजे दुसरं काय असतं हो? कॉमिक्स म्हणजे टाइमपास, असं म्हणणाऱ्यांनी एकदा करून बघावं.

मग आला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा हा पोरगा पुण्यात काय काय उचापती करतो हे वाचायचं, तर नियम एकच: एक पान माझं, एक पान तुझं. तो अडला की दोन सेकंद थांबायचं, नाही जमलं तर शब्द सांगून टाकायचा आणि पुढे जायचं. तिथेच व्याकरणाचा तास काढायचा नाही. बन्या पुरता अडकला की पुस्तक बंद! चौथ्या रविवारी गेले, तर पठ्ठ्या पुढची दोन पानं एकटाच वाचून बसलेला. चुका होत्याच. पण वाचली होती.

आणि गप्पा? 'या गोष्टीवरून काय बोध घेतलास?' हा प्रश्न शाळेला देऊन टाका. आमचे दोनच प्रश्न असतात. पहिला, 'तू असतास तर काय केलं असतंस?' याला चुकीचं उत्तरच नसतं, त्यामुळे घाबरणारं पोरही तोंड उघडतं. दुसरा, 'कशावरून?' हा मात्र बेरकी. 'तो माणूस चोर आहे,' 'कशावरून रे?' की स्वारी मुकाट्यानं मागचं पान उलटून पुरावा शोधायला लागते. उद्या त्याच्या मोबाइलवर काहीबाही फॉरवर्ड्स येतील, तेव्हा हाच 'कशावरून' कामी येणार आहे. (आपल्यालाही आला तर बरंच!)

पुस्तक निवडायची एक सोपी ट्रिक आहे. कुठलंही पान उघडायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं. पाचही बोटं दुमडली, तर ते पुस्तक सध्या ठेवून द्या. खर्चाचं टेन्शन नको. 'स्टोरीवीवर' हा प्रथम बुक्सचा उपक्रम २०१५ पासून सुरू आहे. तिथे मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, त्याही पातळीनुसार लावलेल्या. बालभारतीचं 'किशोर' मासिक तर १९७१ पासून निघतंय. आणि पुस्तक आवडलं नाही, तर मुलाला ते अर्धवट सोडू द्या. आपण नाही का कंटाळवाणी वेब सिरीज दुसऱ्या एपिसोडला सोडत?

एक मात्र सांगते. पुष्कळ सराव करूनही अक्षरं सतत उलटीपालटी होत असतील, तर स्वतःच निदान करत बसू नका. तज्ज्ञांना दाखवा. तिथे मुलाला मदत हवी असते, ओरडा नाही.

आई-बाबांकडे होमवर्क, डबा, क्लास, सगळंच असतं. त्यांनी पुस्तक हातात घेतलं की पोराला अभ्यासाचा वास येतो. मावशी, मामा, काका, आत्या यांच्याकडे कसलेच मार्क नसतात. हाच आपला प्लस पॉइंट! तेव्हा या रविवारी मॉलमधला अर्धा तास वाचवा आणि एखाद्या चिल्ल्यापिल्ल्याच्या शेजारी बसा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. त्याचाही आणि आपलाही.