विश्लेषण : अपडेटनंतर संगणक सुरूच होत नाही, दोष कोणाचा?

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात अपडेट बसवले, रीस्टार्ट केले आणि पडद्यावर ‘कर्नल पॅनिक’ असा संदेश आला, की बहुतेकांना हार्ड डिस्क गेली असे वाटते. दुरुस्तीवालाही फॉरमॅटचा सल्ला देऊन मोकळा होतो. प्रत्यक्षात डेटा बहुतेक वेळा शाबूत असतो.

कर्नल म्हणजे काय?

प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि आपण वापरतो ते प्रोग्राम यांच्यातील दुवा म्हणजे कर्नल. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स कर्नल जाहीर केला. अ‍ॅप अपडेट केले, तर ते बंद करून पुन्हा उघडणे पुरते. नव्या कर्नलसाठी मात्र साधारणपणे संगणक रीस्टार्ट करावा लागतो. त्यामुळे गडबड झाली असेल, तर ती तेव्हाच कळते.

अडते कुठे?

संगणक सुरू होताना ‘ग्रब’ हा बूटलोडर कर्नल आणि त्याच्या जोडीला ‘इनिट्रॅमएफएस’ नावाची फाइल मेमरीत आणतो. मुख्य डिस्कपर्यंत पोहोचण्यासाठी लागणारे ड्रायव्हर या फाइलमध्ये असतात. उबंटूसारख्या प्रणालीत प्रत्येक नव्या कर्नलसाठी ती त्याच संगणकावर तयार होते. बूटचे वेगळे, लहान पार्टिशन जुन्या कर्नलनी भरलेले असेल, तर ही फाइल तयारच होत नाही. मग कर्नलला डिस्क सापडत नाही.

दुसरे कारण ड्रायव्हरचे. ग्राफिक्स कार्डाचे बाहेरून बसवलेले ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी पुन्हा तयार करावे लागतात. शिवाय सिक्युअर बूट चालू असेल, तर विश्वासार्ह डिजिटल स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर सहसा नाकारला जातो.

उपाय काय?

जुना कर्नल सहसा डिस्कवर असतोच. उबंटूमध्ये संगणक सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा मेन्यू उघडावा आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीची आवृत्ती निवडावी. संगणक सुरू झाल्यावर बूट पार्टिशनमधील जागा मोकळी करून इनिट्रॅमएफएस पुन्हा तयार करावी. मात्र ज्या कर्नलवर संगणक चालू आहे, तो काढू नये.

मग दोष कोणाचा?

वापरकर्त्याचा तर नक्कीच नाही. संगणकावर एकटे उबंटू असेल, तर हा मेन्यू सहसा लपवलेला असतो. म्हणजे सुटकेचा दरवाजा आहे, पण तो माहीत असलेल्यालाच सापडतो. अँड्रॉइडने २०१६ मध्ये ७.० या आवृत्तीत दुहेरी प्रतीची सोय आणली. अशा फोनमध्ये नवी प्रणाली सुरू झाली नाही, तर फोन आपोआप जुनीवर परततो. लिनक्समध्येही असे करण्याची साधने आहेत. पण घरगुती संगणकांवर ती सरसकट चालू नसतात. ती असायला हवीत.

कारण एकदा हात पोळलेला माणूस अपडेटच बंद करतो आणि त्यासोबत येणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्यांनाही मुकतो. नवा कर्नल डिस्कवर उतरला एवढ्याने अपडेट यशस्वी मानू नये. त्यावर संगणक एकदा नीट सुरू झाला, की मगच ते पूर्ण झाले असे धरावे.